अविरोधाचा शोध

विश्वाची उपपत्ति सांगतांना विज्ञान आणि धर्म यांचा मेळ बसूं शकतो कीं नाहीं, हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकींत निघाला म्हणजे बहुधा दोनच उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, विज्ञानाचा उदय झाला कीं धर्माचा अस्त व्हावयाचाच. दुसरा पक्ष म्हणतो, विज्ञान आज जें सांगत आहे तें आमच्या ऋषींनीं पूर्वींच सांगून ठेविलें आहे, तेव्हां विरोध आहेच कोठें? या दोन्ही पक्षांचा एक समज मात्र समान असतो. तो असा कीं, हा प्रश्न आमच्याकडे इंग्रजी विद्येबरोबर गलबतांतून आला. तत्पूर्वीं आमचे पूर्वज एक तर अज्ञानांत स्वस्थ होते, नाहीं तर सर्वज्ञतेंत. इतिहास पाहिला असतां दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. विश्वाविषयीं पुराण एक सांगतें आणि गणित दुसरें सांगतें, ही अडचण आमच्या ज्योतिष्यांना निदान चौदाशें वर्षें जाणवत आलेली आहे. तिला त्यांनीं ‘विरोध’ हें सरळ नांव दिलें होतें, आणि तिचा परिहार करणाऱ्या ग्रंथांची एक परंपराच निर्माण झाली होती. त्या परंपरेंतील कित्येक मंडळी गोदातीरची, म्हणजे आपलीच होती. त्यांनीं कोणकोणते मार्ग चोखाळले, त्यांतला कोणता टिकला व कोणता मोडला, हें पाहिलें तर आजच्या वादावरही कांहीं प्रकाश पडण्यासारखा आहे.

प्रथम विरोध केवढा होता तें पाहूं. पुराणांतील पृथ्वी सपाट व वर्तुळाकार असून तिचा विस्तार पन्नास कोटि योजनें सांगितला आहे. तिच्या मध्यभागीं मेरु पर्वत, त्याच्याभोंवतीं एक लक्ष योजनें विस्ताराचें जंबुद्वीप, त्याला वेढणारा क्षारसमुद्र, आणि त्यापुढें एकाआड एक अशीं द्वीपांचीं व समुद्रांचीं वलयें. सूर्य मेरूला प्रदक्षिणा घालतो व मेरूच्या आड गेला म्हणजे रात्र होते. चंद्र सूर्याच्याही वर लक्ष योजनें आहे. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे. आणि ग्रहण म्हणजे राहूचा ग्रास. सिद्धांतग्रंथांतील पृथ्वी याहून अगदीं निराळी. ती गोल, कोणत्याही आधारावांचून आकाशांत असलेली, आणि कितीतरी लहान. भास्कराचार्यांनीं तिचा परिघ ४९६७ योजनें दिला आहे. चंद्र हा सर्वांत जवळचा, आणि ग्रहण म्हणजे छायेचें कार्य. पन्नास कोटि कोठें आणि पांच हजार कोठें! एका आंकड्याला लाखानें गुणावें तेव्हां दुसरा हातीं येतो. योजनाची लांबी कमीअधिक धरून बुजण्यासारखी ही दरी नव्हती.

शिवाय हीं दोन्ही प्रमाणें एकाच गांवांत, एकाच घरांत नांदत होतीं. पुराणिक देवळांत मेरूचें वर्णन करी. आणि त्याच्याच श्रोत्यांना एकादशी केव्हां, संक्रांत केव्हां, ग्रहणाचा स्पर्श केव्हां व मोक्ष केव्हां, हें सांगणारा जोशी पृथ्वी गोल धरून केलेल्या गणितावर चाले. गणित खोटें ठरवावें तर व्रतें कोणत्या दिवशीं करावीं हेंच कळत नाहीं. पुराण खोटें ठरवावें तर तीं व्रतें करावींच कां, हा प्रश्न उभा राहतो. विरोधाची खरी धार येथें होती.

या विरोधावर पहिला तोडगा निघाला तो राहूच्या बाबतींत. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथांत आर्यभटानें, चंद्र सूर्याला झांकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झांकते, एवढें सांगून विषय संपविला. राहूला त्यांत जागाच ठेविली नाहीं. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘बृहत्संहिता’ ग्रंथांत राहूच्या कल्पनेची कसून उलटतपासणी केली. राहु देहधारी असून नियमित गतीनें फिरत असेल, तर तो अर्ध्या राशिचक्रापलीकडल्या बिंबाला कसा धरतो? आणि त्याची गति अनियमित असेल, तर ग्रहण गणितानें आधीं कसें कळतें? इतकें रोखठोक विचारल्यावर त्यानें श्रुतिस्मृतींसाठीं एक वाट मोकळी ठेविली. ग्रहणकाळीं होणाऱ्या दानहोमाचा अंश तुला मिळेल, असा वर ब्रह्मदेवानें राहूला दिलेला आहे. त्या वेळीं त्याचें सान्निध्य असतें म्हणून लोकांत त्याचें नांव घेतात, असें त्यानें सांगितलें. पुढें इ. स. ६२८ मध्यें ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्तानें, राहूला नाकारणाऱ्या आर्यभटादिकांवर वेदस्मृतींचा विरोध पत्करल्याचा ठपका ठेविला, आणि राहु वरदानाच्या बळानें छायेंत शिरून ग्रास करतो, असा मेळ घातला. ग्रहणाचें गणित मात्र त्यानें छायेचा व्यास व चंद्राचा शर यांवरूनच केलें.

हें पाहून इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरूनी चकित झाला. इतका मोठा गणिती खरें कारण जाणत असतां असें कां लिहितो, याचा उलगडा करतांना त्यानें सॉक्रेटिसाची आठवण काढली. लोकक्षोभाच्या भीतीनें ब्रह्मगुप्तानें आपल्या बुद्धीला न पटणारें लिहिलें असावें, अशी त्याची अटकळ. ही अटकळ खरी कीं खोटी हें ठरविण्यास साधन नाहीं. पण या तोडग्याचें स्वरूप मात्र स्पष्ट आहे. गाडी गणिताचे बैल ओढीत होते. राहूला मानानें आंत बसविलें होतें, एवढेंच. राहूला उतरविला असता तरी ग्रहणाच्या वेळेंत एका पळाचाही फरक पडला नसता. आणि न्यायाची गोष्ट म्हटली तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, या सौजन्याचा लाभ विद्येला झाला. राहूला बसावयास जागा मिळाल्यामुळें जोशाला आपलें काम निर्वेधपणें करतां आलें. पुढील शतकांत गणित वाढत गेलें तें या तडजोडीच्या आश्रयानेंच.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्यें वयाच्या ३६ व्या वर्षीं ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला, तेव्हां ही रीत पूर्ण रूढ झाली होती. राहूसंबंधींचा जुना मेळ त्यांनींही पत्करला. भूगोलांतही त्यांनीं सिद्धांतकारांची पद्धत पुढें चालविली: मेरु नेऊन उत्तर ध्रुवावर ठेविला, जंबुद्वीप म्हणजे उत्तर गोलार्ध मानलें, आणि उरलेलीं सहा द्वीपें क्षारसमुद्राच्या दक्षिणेकडे बसविलीं. नांवें पुराणांचीं राहिलीं, नकाशा गणिताचा झाला. परंतु दोन ठिकाणीं त्यांनीं हात आखडता घेतला नाहीं. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर उंचावरून फिरणारा सूर्य आपल्याला सदैव कां दिसत नाहीं? मेरूमुळें रात्र होत असेल तर मध्यें येणारा तो मेरु डोळ्यांना कां दिसत नाहीं? आणि पृथ्वीला आधार मानला, तर त्या आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, असें करीत शेवटीं कोणीतरी स्वतःच्या शक्तीनें उभा आहे असें मानावेंच लागतें; मग ती शक्ति पहिल्यानेंच पृथ्वीच्या ठायीं कां मानूं नये? येथें शब्दांची जुळवाजुळव नाहीं. येथें प्रमाणच बदललें आहे. डोळ्यांना काय दिसतें व तर्काला काय टाळतां येत नाहीं, हें विचारून निर्णय दिला आहे.

यापुढें साडेतीनशें वर्षांनीं, शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास, गोदावरीच्या परिसरांतील पार्थपुरास, म्हणजे आजच्या पाथरीस, ज्ञानराजानें ‘सिद्धांतसुंदर’ रचला. ज्ञानराज हा कसलेला ज्योतिषी. त्याचा ग्रंथ ग्रहगणिताचा पूर्ण सिद्धांत आहे. पण भास्कराचार्यांचा आधाराविषयींचा युक्तिवाद त्याला मानवला नाहीं. पुराणांतील कूर्मादिकांचा आधार त्याला राखावयाचा होता. त्यासाठीं त्यानें दिलेला दृष्टांत मोठा मासलेवाईक आहे. गिधाडासारखा बेताच्या बळाचा पक्षी चोंचींत साप धरून प्रहरभर आकाशांत राहूं शकतो, तर अचिंत्य शक्तीच्या परमेश्वरानें कूर्मरूपानें कल्पभर पृथ्वी तोलून धरण्यांत अशक्य तें काय, असा त्याचा आशय आहे.

वाचकांनीं हे दोन युक्तिवाद शेजारीं ठेवून पाहावे. भास्कराचार्यांचा प्रश्न होता, आधाराची गरज आहे काय? ज्ञानराज उत्तर देतो तें, आधार शक्य आहे काय, या प्रश्नाचें. परमेश्वराला अशक्य कांहींच नाहीं, हें भास्कराचार्यांनींही अमान्य केलें नसतें. पण जें शक्य तें सर्व घडलेलें असतेंच असें नाहीं. ब्रह्मगुप्ताच्या राहूनें गणिताच्या वाटेंत पाय घातला नव्हता. ज्ञानराजाचा कूर्म विचाराच्या वाटेंत बसूं पाहतो. अविरोधाच्या इतिहासांतील हें महत्त्वाचें वळण होय. विद्येला मोकळीक मिळावी म्हणून जी तडजोड सुरू झाली, ती आतां विद्येच्या निर्णयाची धार बोथट करूं लागली. पुढें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, महाभारताचा सुप्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर यानें ‘सौरपौराणिकमतसमर्थन’ या नांवाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचें घराणें मूळचें कोपरगांवचें. तो राहिला काशीस. सूर्यसिद्धांताचें मत आणि पुराणांचें मत ही दोन्ही खरीं, हें त्याचें प्रतिपाद्य ग्रंथाच्या नांवांतच आहे. बहुश्रुत पंडितानें अशा ग्रंथासाठीं लेखणी उचलावी, यावरूनच विरोध किती बोंचत होता तें दिसतें.

एकोणिसाव्या शतकांत या वादांत तिसरें मत शिरलें. भोपाळजवळ सिहोर येथें लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज पोलिटिकल एजंट होता. इ. स. १८३४ मध्यें त्यानें एतद्देशीयांच्या शिक्षणासाठीं सिद्धांतग्रंथांचा उपयोग करावा, असा लेख प्रसिद्ध केला. त्याची युक्ति अशी कीं, विद्यार्थ्यांपुढें एकदम कोपर्निकस मांडूं नये. प्रथम त्यांच्याच भास्कराचार्यांना पुढें करावें. पृथ्वी गोल व निराधार आहे हें त्यांच्याच पूज्य आचार्यांनीं सिद्ध केलेलें आहे. तेवढें पटलें कीं पुढची पायरी सोपी. त्याच्या पाठशाळेंतील सुबाजी बापू या महाराष्ट्रीय पंडितानें इ. स. १८३६ मध्यें ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हें मराठी पुस्तक लिहून पुराणांचें मत, सिद्धांताचें मत आणि कोपर्निकसाचें मत अशीं तिन्ही मतें समोरासमोर ठेविलीं. पुराणांहून सिद्धांत सरस आणि सिद्धांताहून कोपर्निकस सरस, असा त्याचा निष्कर्ष. इकडे पुण्यास यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनीं ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणें व ज्योतिष यांत विरोध नाहींच, हा पक्ष मांडला. आणि त्यावर सुबाजींनीं ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहिला.

हा वाद केवळ पंडितांच्या हौसेचा नव्हता. त्याच काळीं मिशनरी मंडळी पुराणांतील मेरु व क्षीरसमुद्र पुढें करून, ज्यांचा भूगोल खोटा त्यांचा देवही खोटा, असें बाजारांत उभें राहून सांगत होतीं. अशा वेळीं धर्माभिमानी मनुष्यानें काय करावें? यज्ञेश्वरांनीं गडाचा प्रत्येक बुरूज लढविण्याचें ठरविलें. सुबाजींनीं भूगोलाचा बुरूज सोडून दिला. आज पाहतां यज्ञेश्वरांच्या निष्ठेविषयीं आदर वाटतो, पण शत्रूच्या हातीं काठी त्यांच्याच मार्गानें गेली, असें म्हणावें लागतें. मेरूच्या उंचीवर ज्याची श्रद्धा टांगलेली, त्याची श्रद्धा दुर्बिणीच्या कृपेवर जगणार.

पुढील दोन पिढ्यांत हाच झगडा पंचांगांत आला. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं शके १७८७ म्हणजे इ. स. १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेलें पंचांग काढण्यास आरंभ केला. तेंच पुढें पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलें जाऊं लागलें. विरोधकांनीं जी तडजोड सुचविली ती मोठी बोधप्रद आहे. ग्रहण, युति, उदयास्त इत्यादि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी दृष्ट. त्यांना नवें गणित चालेल. तिथि डोळ्यांना दिसत नाहीं, तिचें फल अदृष्ट. तेथें जुनेंच गणित हवें. म्हणजे आकाशाला साक्षीला बोलावतां येतें तेथवर विज्ञान, आणि साक्षीदार गप्प झाला कीं परंपरा! पण तिथि म्हणजे चंद्र आणि सूर्य यांमधील अंतर. जो चंद्र ग्रहणाच्या रात्रीं एका ठिकाणीं आहे, तो एकादशीला दुसऱ्याच गणितानें चालतो, असें कसें मानावें?

कोणी म्हणेल, हा आमच्याच पंडितांचा दोष. तसें नाहीं. युरोपांत, आणि तेंही विसाव्या शतकांत, याच नाटकाचा एक प्रवेश झाला. बेल्जममधील जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मोपदेशक आणि गणितज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे, हें त्यानें इ. स. १९२७ मध्यें आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून दाखविलें. आणि मागें मागें गेलें असतां सर्व विश्व एका आद्य अणूंत सांठविलेलें असलें पाहिजे, अशी कल्पना इ. स. १९३१ मध्यें मांडली. पुढें महास्फोटाचा सिद्धांत म्हणून जो प्रसिद्ध झाला, त्याचें हें मूळ. २२ नोव्हेंबर १९५१ रोजीं बारावे पोप पायस यांनीं आपल्या विज्ञान-अकादमीपुढें भाषण करून, विज्ञानानें आतां सृष्टीच्या आरंभाची साक्ष दिली आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. धर्मोपदेशकाच्या सिद्धांताला धर्मगुरूची मान्यता! लमेत्राला आनंद व्हावयास हवा होता. तो अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत सर्वस्वीं भौतिक आहे, आस्तिकाला व नास्तिकाला तो सारखाच मोकळा आहे, ही त्याची भूमिका होती. त्यानें आपलें म्हणणें वरपर्यंत पोंचविलें, आणि पुढील वर्षीं ज्योतिर्विदांच्या परिषदेपुढें बोलतांना पोपनीं तो दावा पुन्हां केला नाहीं.

लमेत्राची सावधगिरी किती शहाणपणाची होती हें पुढील इतिहासावरून दिसतें. त्या वेळीं विश्वाला आरंभच नाहीं असें मानणारा फ्रेड हॉईल वगैरेंचा स्थिरस्थिति-सिद्धांत जोरांत होता. इ. स. १९६५ मध्यें आकाशाच्या सर्व दिशांनीं येणाऱ्या सूक्ष्मतरंगांचा शोध जाहीर झाला आणि पारडें महास्फोटाकडे झुकलें. तरीही हॉईलचे शिष्य, आपल्या कोल्हापुरांत जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५), त्या सिद्धांताविषयींचे आपले आक्षेप अखेरपर्यंत मांडीत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूचे नव्हते. पण असा आक्षेप घेणें हें शास्त्रांत पाप नव्हे, कर्तव्य आहे. आतां ईश्वराचें अस्तित्व जर महास्फोटावर उभें केलें, तर आक्षेप घेणारा प्रत्येक गणिती नास्तिक ठरणार, आणि समीकरणांत बदल झाला कीं ईश्वराचें आसन हलणार. असा सौदा कोणता भक्त पत्करील?

मग अविरोध शक्य आहे कीं नाहीं? आमचें उत्तर असें आहे. पुराणांतील वाक्य आणि विज्ञानांतील वाक्य समोरासमोर ठेवून दोन्ही एकाच अर्थानें खरीं करावयाचीं, हा अविरोध शक्य नाहीं. चौदाशें वर्षें आमच्या उत्तमोत्तम बुद्धीनें तो करून पाहिला. ‘वेदांत सर्व विज्ञान आहे’ म्हणणारे आजचे लोक ज्ञानराजाचें गिधाडच पुन्हां उडवीत आहेत, आणि त्याच्याइतकें गणितही त्यांतल्या पुष्कळांना येत नाहीं. दुसरा एक अविरोध मात्र शक्य आहे. तो फुकट मिळत नाहीं; दोघांनाही किंमत द्यावी लागते. आकाशांत काय आहे, किती आहे, केव्हां काय घडेल, हें सांगण्याचा हक्क धर्मानें सोडला पाहिजे. आणि सोडतांना मागल्या दारानें राहूला पुन्हां आंत घेतां कामा नये. विज्ञानानेंही आपली मर्यादा ओळखली पाहिजे. छाया पडली म्हणजे ग्रहण होतें, हें कळल्यानें त्या छायेखालीं मनुष्यानें काय करावें हें कळत नाहीं. आणि मुळांत कांहीं आहे, शून्य नाहीं, याचा विस्मयही गणितानें फिटत नाहीं. हा वाटा धर्माला लहान वाटेल. पण जो दुर्बिणीनें हिरावतां येत नाहीं असा हाच एक आहे.

खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथें एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्या मठाला दान दिलें, ही हकीकत त्यांत कोरलेली आहे. दानाचा काळ शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. इंग्रजी गणनेनें इ. स. १२०७. ग्रहणकाळीं दान करावें ही धर्माची आज्ञा त्या राजानें पाळली. पौर्णिमेचा चंद्र काळवंडत असतां हातावर उदक सोडतांना त्याच्या मनांत राहु होता कीं छाया, हें लेख सांगत नाहीं. त्या दानावर चालणाऱ्या मठांत मुलांना छायेची लांबी काढावयास शिकविणार होते, हें मात्र आपल्याला ठाऊक आहे, आणि तें सोइदेवालाही ठाऊक होतें.